सॉफ्टवेअर अडलं की विचारायचं कुणाला? नवख्यांसाठी फुकटच्या आणि पैशाच्या मदतीची माहिती

सियागंजातल्या ठोक दुकानात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. रामबागेतल्या एखाद्या वाचनालयात कोहावर पुस्तक परत घेता येत नाही. टिळकनगरात घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिखाणाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा बारीक छापला जातो. अशा वेळी इंदूरमध्ये बहुतेक जण एक तर जेल रोडवरच्या संगणक दुकानातल्या ओळखीच्या मुलाला फोन लावतात, नाही तर नेटवर जो पहिला उपाय सापडेल तो करून बघतात. कधी जमतं, कधी दोन दिवस जातात, आणि कधी होता तो डेटाही जातो. कुठली अडचण कुठे न्यायची आणि नेताना काय तयारी करायची, ते इथे क्रमानं सांगितलं आहे.

आधी फुकटच्या आणि पैशाच्या, दोन्ही मदतींत काय मिळतं ते पाहू. एकच सॉफ्टवेअर वापरणारे लोक नेटवरच्या मंचांवर एकमेकांना मदत करतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं स्टॅक ओव्हरफ्लो २००८ साली सुरू झालं, उबंटू ही लिनक्सवरची प्रणाली वापरणाऱ्यांचं आस्क उबंटू २०१० साली. लिब्रेऑफिस, संकेतस्थळ बनवायचं वर्डप्रेस, कोहा या सगळ्यांचे स्वतःचे मंच किंवा मेलयाद्या (ईमेलवरचे चर्चेचे गट) आहेत. तिथे उत्तर देणारे बहुतेक जण हौसेनं, आपला वेळ काढून देतात. कित्येकदा ते सॉफ्टवेअर लिहिणारा माणूसच उत्तर देतो, आणि ते ज्ञान पैसे मोजूनही सहज मिळत नाही. पण तुमचं काम आज संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे, ही तिथे कुणाचीच जबाबदारी नसते. पैसे देऊन तुम्ही नेमकी ती जबाबदारी विकत घेता: ठरलेल्या वेळात कुणीतरी तुमचं काम हातात घेईल आणि मार्गी लागेपर्यंत सोडणार नाही. पैसे घेणाऱ्याला जास्त येतं, असं मात्र धरून चालू नका. तोही बऱ्याचदा त्याच मंचांवर शोधतो, आणि त्यात गैर काही नाही.

आणखी एक घोळ इथेच मिटवायला हवा. सॉफ्टवेअर फुकट असणं वेगळं आणि मदत फुकट असणं वेगळं. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं गेलं आणि २००० च्या जानेवारीत चालू झालं. ते पूर्ण फुकट आहे, तरी त्याची बसवणी आणि देखभाल पैसे घेऊन करणाऱ्या संस्था जगभर आहेत. उलट टॅली विकत घ्यावं लागतं, पण त्याविषयीची पुष्कळ उत्तरं नेटवर फुकट मिळतात. परवान्याचे पैसे भरले म्हणजे मदतीचेही भरले, असं नसतं. टॅलीचा परवाना कायमचा असतो, पण नवी आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी त्याच्या वेगळ्या वर्गणीवर अवलंबून असतात. उबंटूची उबंटू प्रो ही वर्गणी घरगुती वापरासाठी ५ मशीनपर्यंत फुकट आहे, पण त्यात सुरक्षेचे अपडेट मिळतात, फोन उचलणारा माणूस मिळत नाही. म्हणून पैसे भरताना "यात नक्की काय आहे" हे वाचा.

पायरी १: हात लावण्याआधी डेटाची नक्कल (बॅकअप) काढा

ही पायरी लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मूळ बिघाड बहुधा लहान असतो. डेटा जातो तो दुरुस्तीच्या नादात.

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. त्याच मेनूत रिपेअरही आहे. बॅकअप झाल्याशिवाय रिपेअरला हात लावू नका. टॅली उघडतच नसेल तर टॅली बंद असताना कंपनीचं अख्खं डेटा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली नक्कल उपयोगाची नाही, कारण बहुतेकदा सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

वर्डप्रेसच्या दोन गोष्टी लागतात, फाइली आणि डेटाबेस. नुसत्या फाइली घेतल्या तर चित्रं राहतात आणि लेख जातात. कोहा उबंटूवर नेहमीच्या पद्धतीनं बसवलं असेल तर रोज रात्री आपोआप बॅकअप होतो, पण तो त्याच मशीनवर पडून राहतो आणि जुना झाला की पुसला जातो. आठवड्यातून एकदा तो दुसरीकडे नेऊन ठेवणारा माणूस वाचनालयानं नेमून द्यावा.

नक्कल घेतली की ती एकदा उघडून पहा. दुसऱ्या मशीनवर उघडली तरच ती नक्कल म्हणायची.

पायरी २: अडचण कागदावर उतरवा

फुकट विचारा की पैसे देऊन विचारा, पहिला अर्धा तास सारखाच जातो. "सर, सॉफ्टवेअर चालत नाही" यावर मंचावर कुणी उत्तर देणार नाही, आणि पैसे घेणारा माणूस तुमचा पहिला तास हेच प्रश्न विचारण्यात घालवेल. तो तास तुमच्या बिलात असतो.

आधी आवृत्ती. विंडोजची आवृत्ती पाहायला विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा आणि आलेल्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं टाकून एंटर करा. ती १० निघाली तर लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी "आधी ११ वर या" हेच पहिलं उत्तर मिळेल. लिब्रेऑफिसमध्ये हेल्प, मग अबाउट. तिथे सगळी आवृत्ती-माहिती एकदम कॉपी करायचं बटण आहे. वर्डप्रेसमध्ये टूल्समधल्या साइट हेल्थच्या इन्फो पानावर तसंच बटण मिळेल. टॅलीत एफ१ दाबून अबाउट.

मग चूक दाखवणारा संदेश (एरर) शब्दाला शब्द. "काहीतरी मेमरीचं आलं होतं" हे पुरत नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून चित्र काढा, पण संदेश टाइपही करा, कारण चित्रातला मजकूर शोधता येत नाही. स्क्रीनची भाषा हिंदी किंवा मराठी असेल तर ती तात्पुरती इंग्रजी करा आणि तोच संदेश पुन्हा येऊ द्या. त्या इंग्रजी वाक्यावर जगभरातले चर्चेचे धागे सापडतात, मराठी वाक्यावर एखादाच.

त्यानंतर सगळ्यात मोलाचा प्रश्न: हे कधीपासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? अपडेट आलं, अँटिव्हायरस बदलला, प्रिंटर नवा आला, राउटर बदलला, मुनीमजींनी फोल्डर हलवलं. "काहीच बदललं नाही" असं सगळेच म्हणतात. विंडोज अपडेटचा इतिहास उघडून तारीख पडताळा.

शेवटी अडचण कोंडीत पकडा. दुसरी फाइल उघडते का? तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडते का? दुसऱ्या युजरनं लॉगिन केल्यावर होतं का? लिब्रेऑफिसच्या हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये चालू केल्यावर अडचण गेली, तर दोष प्रोग्राममध्ये नाही, तुमच्या प्रोफाइलमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडलेल्या सोयीत) आहे. वर्डप्रेसमध्ये सगळे प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, बंद करून एकेक चालू करत गेलं की दोषी कोण ते बहुतेक वेळा हातात येतं. बरेच जण इथपर्यंत आले की उत्तर त्यांना स्वतःलाच सापडतं.

पायरी ३: कुठे न्यायचं ते ठरवा

घड्याळ आधी पहा. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांना ३बी या रिटर्नची शेवटची तारीख २० असते. तिमाही योजनेत असलेल्या मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांना तिमाहीनंतरच्या महिन्याची २२. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये शुल्क, शून्य रिटर्नला २० रुपये, आणि कर बाकी असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के दरानं व्याज. १९ तारखेला संध्याकाळी टॅली अडलं तर मंचावर प्रश्न टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही. सरळ पैसे देऊन माणूस बोलवा. पण त्याआधी एक गोष्ट तपासा: अडलं आहे टॅली की जीएसटीचं पोर्टल? शेवटच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी होते. अशा वेळी कर सल्लागारांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक ओळ टाकली की "सगळ्यांचंच अडलंय" हे दोन मिनिटांत कळतं. व्हॉट्सअॅप गटांचा खरा उपयोग एवढाच. खोल तांत्रिक प्रश्न तिथे नेऊ नका, उत्तर वाहून जातं आणि महिन्यानं शोधलं तर सापडत नाही.

मग डेटा कुणाचा आहे ते पहा. अडचण दाखवण्यासाठी ग्राहकांची यादी, रुग्णांची माहिती किंवा बँकेचा तपशील उघडावा लागणार असेल तर ती सार्वजनिक मंचावर नेऊच नका.

तिसरी गोष्ट म्हणजे ही अडचण किती जणांना येत असेल? लिब्रेऑफिस, उबंटू, वर्डप्रेस, एक्सेल या लाखो लोक वापरत असलेल्या गोष्टींची साधी अडचण आधीच कुणीतरी सोडवलेली असते. इथे पैसे घालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं आमचं स्पष्ट मत आहे. उलट, पुण्याच्या एखाद्या छोट्या कंपनीनं फक्त तुमच्या संस्थेसाठी लिहून दिलेलं देणगी-पावतीचं सॉफ्टवेअर असेल, तर जगातला कुठलाही मंच उपयोगी नाही. ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावं लागेल. वर्डप्रेसच्या विकतच्या प्लगइनचंही तसंच: वर्डप्रेसच्या फुकट मंचावरचे स्वयंसेवक तुम्हाला प्लगइन बनवणाऱ्याकडेच पाठवतील, कारण ते प्लगइन त्यांच्याकडे नसतं.

पैशाचा हिशेब कागदावर करा. धरा, दुकानात बिलिंगवर ३ माणसं आहेत आणि प्रत्येकाचा दिवस ६०० रुपयांचा. संगणक बंद तर दिवसाला १८०० रुपये नुसते बसून. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, १२,००० ची असेल, तर वर्षात असे सहा-सात दिवस वाचले की ती भरून निघते. गेल्या वर्षी किती दिवस गेले ते आठवा. दोन गेले असतील तर एएमसी नको, लागेल तेव्हा एका कामाचे पैसे द्या. अर्थात हा फक्त पगाराचा हिशेब झाला. माल सुटला नाही आणि गिऱ्हाईक शेजारी गेलं, ते यात धरलेलं नाही. ठोकच्या धंद्यात तो आकडा पगारापेक्षा मोठा असू शकतो.

चोरीचं म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मात्र दोन्ही दारं बंद. कंपनी परवान्याचा क्रमांक विचारेल, आणि मंचावर क्रॅकचा उल्लेख येताच प्रश्न बंद होईल. उरतो तो फक्त क्रॅक टाकून देणारा माणूस, आणि तुमचे सगळे हिशेब त्याच्या हातात.

पायरी ४: फुकट विचारायचं तर नीट विचारा

आधी शोधा. एररच्या संदेशाचा गाभा अवतरणचिन्हात टाका. त्यातलं तुमचं फाइलनाव, तारीख, युजरचं नाव काढून टाका, नाही तर काहीच सापडत नाही. सापडलेल्या धाग्याची तारीख आणि आवृत्ती बघा. २०१४ चं उत्तर त्या वेळी बरोबर असेल, पण तो मेनू आज त्या जागी नसतो.

सापडलं नाही तर योग्य जागा निवडा. "कसं करू?" हा प्रश्न मंचावर जातो. "हे मोडलेलं आहे आणि मी ते दर वेळी करून दाखवू शकतो" हे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवण्याच्या जागी जातं, लिब्रेऑफिससाठी ती बगझिला. एकच प्रश्न एका वेळी पाच ठिकाणी टाकू नका. पाच जण तेच काम करत बसतात, आणि हे लक्षात आलं की पुढच्या वेळी कुणी वळत नाही.

आता प्रश्न कसा दिसावा ते टिळकनगरच्या उदाहरणावरून पाहू. मंचावर तो सोप्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत जाईल. आशय असा हवा:

"शीर्षक: लिब्रेऑफिस रायटरमध्ये स्टाइलचा आकार १४ केला तरी देवनागरी मजकूर १२ च राहतो. मजकूर: विंडोज ११, लिब्रेऑफिसची आवृत्ती अमुक. नवी कोरी फाइल उघडली. डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये फॉन्टचा आकार १४ केला. एक ओळ इंग्रजीत आणि एक मराठीत टाइप केली. दोन्ही १४ होतील असं वाटलं होतं. इंग्रजी १४ झाली, मराठी १२ च आहे. सेफ मोडमध्येही तसंच होतं. दोन ओळींची फाइल जोडली आहे."

यात "मदत करा", "अर्जंट", "मी नवीन आहे" असं काही नाही. काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि दुसऱ्याला दोन मिनिटांत करून बघता येईल अशी छोटी फाइल आहे. अशा प्रश्नाला उत्तर मिळायची शक्यता खूप वाढते. याचं उत्तर असं: लिब्रेऑफिस पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपींचा फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवतं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, मग स्टाइलच्या फॉन्टच्या पानावर त्याचा वेगळा भाग दिसतो. तिथेही १४ करा.

नवखे बहुतेकदा स्वतःच ठरवलेल्या उपायाविषयी विचारतात आणि मूळ हेतू सांगत नाहीत. "कृतिदेव फॉन्ट उबंटूवर कसा बसवू?" असं विचारलं तर फॉन्ट बसवायचं उत्तर मिळेल. खरं दुखणं असं असतं, की मंडळाची जुनी स्मरणिका कृतिदेवमध्ये आहे आणि आता ती मोबाइलवर वाचता यायला हवी. त्याला फॉन्ट उपयोगी नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागेल, कारण कृतिदेवमध्ये देवनागरी दिसणारी अक्षरं आतून इंग्रजी कळांचीच असतात. आणि बदलल्यावर मराठीची खास अक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतील. हिंदीसाठी बनवलेली परिवर्तकं ळ, ॲ आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य बिघडवू शकतात. मूळ हेतू एका वाक्यात आधी लिहिला की लोक योग्य रस्ता दाखवतात.

प्रश्न टाकण्याआधी चित्रातून आणि मजकुरातून जीएसटीआयएन, पॅन, मोबाइल, ईमेल, पासवर्ड, परवान्याचा क्रमांक आणि सर्व्हरचा पत्ता काढून टाका. पुसट केलेला मजकूर कधीकधी परत वाचता येतो. त्यावर ठसठशीत काळी पट्टी मारा.

युरोपातले स्वयंसेवक सकाळी मंच उघडतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान टाकलेला प्रश्न त्यांच्या ताज्या नजरेला पडतो. एक दिवस काही आलं नाही तर "कुणी आहे का?" असं लिहू नका. दरम्यान जे करून पाहिलं त्याची भर घाला, प्रश्न आपोआप वर येतो. कुणी उलट माहिती विचारली तर त्याच दिवशी द्या. आणि सुटलं की कशानं सुटलं ते तिथेच लिहा. पुढच्या वर्षी उज्जैन किंवा देवासचा कुणी तोच संदेश शोधत येईल.

पायरी ५: मिळालेलं उत्तर तपासा

अनोळखी माणसाच्या चांगल्या हेतूनं दिलेल्या आज्ञेनंही मशीन बसू शकतं. लिनक्सवर सुडोनं सुरू होणारी आज्ञा पूर्ण अधिकारानं चालते. तिच्यात आरएम असेल तर काहीतरी पुसलं जाणार आहे, सीएचमॉड ७७७ असेल तर फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी होणार आहे. नेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट बॅशकडे (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवणारी ओळ वाचल्याशिवाय चालवू नका. विंडोजमध्ये रजिस्ट्री (सेटिंग्जचा अंतर्गत साठा) बदला असं सांगितलं तर आधी तिच्यातल्या त्या नोंदीची नक्कल एक्स्पोर्टनं काढून ठेवा. "अँटिव्हायरस कायमचा बंद करा" हा उपाय कुणीही सांगितला तरी सोडून द्या.

खाली दुसऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचा. "माझं बिघडलं" असं कुणी लिहिलेलं तिथेच सापडतं. चॅटबॉटनं दिलेलं उत्तर याच चाळणीतून न्या. अस्तित्वातच नसलेला मेनू ठाम भाषेत सांगणं त्याच्याकडून होतं. स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ पासून यंत्रानं लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी केली, ती अशा बरोबर दिसणाऱ्या चुकीच्या उत्तरांमुळेच. उपाय नकलेवर करून बघा, आणि एका वेळी एकच बदल करा. तीन एकदम केले तर कशानं सुटलं ते कधीच कळत नाही.

पायरी ६: पैसे देऊन मदत घ्यायची तर

तीन प्रकार भेटतील. एका कामाचे पैसे, वर्षाची एएमसी, आणि कंपनीची वर्गणी. जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटमधला किंवा सिल्व्हर मॉलमधला माणूस डिस्क, रॅम, विंडोज बसवणं, प्रिंटर जोडणं यासाठी उत्तम आणि लगेच मिळणारा. पण डेटाबेस, सर्व्हर, टॅलीचा बिघडलेला डेटा ही कामं त्याच्या रोजची नसतील तर सरळ विचारा, "हे काम याआधी केलंय का?" टॅलीसाठी कंपनीचा अधिकृत भागीदार शोधावा, आणि तो टॅलीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीतून.

करार करताना एक शब्द नीट वाचा: प्रतिसाद. "४ तासांत प्रतिसाद" म्हणजे ४ तासांत कुणीतरी फोन उचलेल. ४ तासांत काम होईल, असं त्यात कुठेही नाही. दुरुस्तीच्या वेळेची हमी फार थोडे देतात, आणि त्यामागे कारण आहे, दोष पाहिल्याशिवाय वेळ सांगता येत नाही. निदान पर्यायी सोय किती वेळात मिळेल ते लिहून घ्या, जसं की तात्पुरतं दुसरं मशीन किंवा आदल्या दिवसाचा डेटा चालू करून देणं.

गांभीर्याच्या पायऱ्याही ठरवून घ्या. लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या वर्गणीत तक्रारीला चार पातळ्या असतात. सगळं काम ठप्प असेल ती पहिली, नुसती शंका असेल ती चौथी. स्टँडर्ड वर्गणीत मदत कामाच्या वेळेतच मिळते, प्रीमियममध्ये वरच्या पातळ्यांना चोवीस तास. छोट्या दुकानाच्या करारात एवढं नको, पण "बिल निघत नाही" आणि "रिपोर्टचा रंग बदलायचाय" यांत फरक आहे हे दोन ओळींत लिहिलेलं असावं.

कामाचे दिवस विचारा. कंपनी पुण्याची किंवा बेंगळुरूची असेल तर तिची सुट्ट्यांची यादी आपल्याशी जुळत नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा त्या भागात गाडी शिरत नाही, मग इथला इंजिनिअर दुकानापर्यंत पोचणार कसा? अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्रीही तेच. या दिवसांत दूरून जोडून काम होईल का, ते आधी ठरवा. वर्षाअखेरचं मोठं काम असतं तेव्हा, म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री फोन चालू राहील का हेही.

कोटेशनमध्ये एवढं तरी हवं: किती मशीन, किती भेटी, भेटीचे वेगळे पैसे आहेत का, सुटे भाग कुणाचे, बॅकअपची जबाबदारी कुणाची, आणि १८ टक्के जीएसटी धरून की सोडून. बॅकअपविषयी लिहिलेलं नसेल तर ती जबाबदारी तुमचीच, असं समजा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. नियमित योजनेत नोंदणी असेल तर त्या कराची वजावट मिळते, आणि उद्या वाद झाला तर हातात कागद असतो. वर्षाचे पैसे एकदम देण्याऐवजी आधी एका कामाचे द्या आणि पहा. पहिल्याच तक्रारीला त्यानं काय विचारलं, काय लिहून ठेवलं आणि काम झाल्यावर काय बिघडलं होतं ते समजावलं का, यावरून माणूस कळतो. "झालं, आता चालेल" एवढंच सांगून जाणाऱ्याला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवावं लागतं.

तक्रार फोनवर सांगितली तरी ईमेलही करा. दुसऱ्या पायरीतला कागद त्यात जसाच्या तसा टाका आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं धरतात.

पायरी ७: खोट्या मदतीपासून सावध

"कस्टमर केअर नंबर" असं शोधल्यावर वर येणारा पहिला नंबर लावणं हा सगळ्यात धोक्याचा रस्ता. ठग तिथे जाहिराती आणि बनावट पानं टाकून बसतात. नंबर फक्त सॉफ्टवेअरच्या आतून, बिलावरून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरून घ्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून तुम्हाला फोन करत नाही, आणि त्यांच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर नसतो. स्क्रीनभर लाल इशारा आणि खाली नंबर दिसला तर ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर मशीन बंद करा.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विक असिस्ट ही साधनं खरी आणि उपयोगी आहेत, पण त्यातून समोरच्याला तुमचा सगळा स्क्रीन दिसतो. आपण फोन केलेल्या माणसालाच जोडू द्या, बँकेची पानं आधी बंद करा, काम चालू असताना समोर बसा, आणि संपलं की प्रोग्राम बंद करून कायमचा प्रवेश दिलेला नाही ना ते तपासा. मोबाइलवर असा अॅप टाकायला सांगितलं तर नाही म्हणा. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तरी पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे घेऊन काम न करणाऱ्या खऱ्या दुकानदाराविरुद्ध मात्र १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

दोन्ही एकत्र वापरताना

रोजच्या शंका मंचावर, अडलेलं काम पैसे देऊन, ही वाटणी बहुतेक दुकानांना आणि संस्थांना पुरते. त्यासाठी एक वही ठेवा: तारीख, संदेश, कारण, कशानं सुटलं, कुणी सोडवलं, किती पैसे. वर्षाअखेरीस ती चाळली की एएमसी हवी की नको ते कुणाला विचारावं लागत नाही.

आणि मदतनीस बदलायची वेळ आली तर ती भांडण होण्याआधी हाताळा. डोमेन (संकेतस्थळाचं नाव) संस्थेच्या नावावर आहे का, होस्टिंगचं (संकेतस्थळ ठेवायच्या जागेचं) बिल कुणाच्या ईमेलवर येतं, टॅलीच्या परवान्याला जोडलेला ईमेल कुणाचा आहे, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे? हे सगळं आजच तपासा. मंडळाचा ईमेल म्हणून जुन्या सचिवांच्या मुलाचा ईमेल दिलेला असेल तर तो याच आठवड्यात बदलून घ्या. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे आणि कोषाध्यक्षांकडे ठेवा, आणि माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.